हौसाआत्यानं घेतलेलं माप

इलाहीभाईच्या गॅरेजच्या गाळ्यात ड्रिल मशीन घरघरतंय आणि मी पिकअपच्या सीटवर आडवा पडून पापण्या मिटू देतोय. दुपारचं ऊन काचेतून बरोबर नाकावर आलंय. मागं हौद्यात पेंडीची पोती भरलेली, परतीच्या वाटेवर गवळ्यांच्या गोठ्यांवर टाकायची. बाहेर लिंबाखाली आई प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसलीय. तिला मापाला घरून चालत आणलंय. ब्लाउजला माप लागतं, चपलेला लागतं, तसं आमच्या पिकअपच्या पायरीला आईच्या गुडघ्याचं माप लागतं.

त्याचं असं झालं. उन्हाळ्यात एका लग्नाला निघताना आईला ह्या गाडीत चढवायचं होतं. मी वरून हात धरून ओढतोय, आणि खालून माझ्या बापाची सख्खी बहीण, हौसाआत्या, खांदा लावून, हसू दाबत ढकलतेय. आई मध्येच अडकली. ना आत, ना बाहेर. कुणीतरी त्याचा व्हिडिओ काढला, त्याला ढोल-ताशा जोडला आणि भावकीच्या ग्रुपवर टाकला. आईनं तिथंच जाहीर केलं, "मी काय पेंडीचं पोतं हाय व्हय? माझ्या पायानं चढता आलं तर यीन, न्हाईतर घरात बसंन."

आत्या दिवाळीत गेली. उद्या तिच्या नातीचा, धनूचा, साखरपुडा आहे. आणि आई अजून शब्दावर ठाम.

म्हणून इलाहीभाईनं मघाशी गाडीखाली दोन लोखंडी पट्ट्या लोंबत्या सोडल्या, आईला शेजारी उभं केलं आणि तिच्या गुडघ्याच्या खाली वीतभर अंतरावर पट्टीवर खडूनं रेघ मारली. तिथं भोक पाडायचं, तिथं पायरी बसवायची. कुठली पायरी, ते अजून ठरलेलं नाही. ठरवतो म्हणून मी जरा पडलोय.

काचेवर टकटक होते.

"आरं सरक की. सगळी शीट तुला आंदण दिलीया व्हय?"

हौसाआत्या. हिरवं लुगडं, डाव्या तळहातावर मिश्री, उजव्या हाताचं बोट दातात. ती गेलीय हे मला माहीत आहे, पण तोंडावर सांगणं बरं दिसत नाही.

"आत्या, गुडघं कसं हाईत?" मी विचारतो.

"मेल्यापास्नं एकदा दुखलं न्हाईत. उगंच डाक्टरकडं हेलपाटं घातलं बघ. उतर खाली. पायऱ्या बघू."

मी दार उघडतो आणि पाय टाकतो तो थेट आत्याच्या स्वयंपाकघरात. चूल पेटलेली आहे. मांडणीवर पितळी डब्यांच्या जागी इलाहीभाईच्या सगळ्या पायऱ्या ओळीनं लावल्यात. बाजारात मडकं घेतात तशी आत्या एकेक पायरी उचलून बोटाच्या पेरानं वाजवते आणि कानाला लावते.

"ही बद्द वाजती." ठेवते खाली.

चकचकीत गोल नळीची पायरी उचलते. "हिच्यात तोंड दिसतंय रं. वहिनीला चढायचंय का कुंकू लावायचंय?"

"आत्या, स्टील हाय. गंजत न्हाई."

"तू गंजलायस डोक्यात." ती नळी जमिनीवर ठेवते, चपलेसकट तिच्यावर उभी राहते आणि सर्रकन घसरत चुलीपासून दारापर्यंत जाते. पडत नाही. मस्त हसते. "एकदम झ्याक! वहिनी अशी गेली तर सरळ पंढरीच्या पलीकडं."

तिसरीला खाली निळे दिवे आहेत. बटण दाबलं की लुकलुकतात. मला ती मनापासून आवडलेली आहे, आणि हे आत्याला कसं कळलं कोण जाणे.

"पायात दिवं लावून आईला तमाशाच्या बोर्डावर चढवतूस?"

मी मुकाट्यानं बटण बंद करतो.

शेवटची आहे रुंद पट्टीची, वर उठावदार नक्षीचा खरबरीत पत्रा. आत्या त्यावर तळवा फिरवते. "ही घे. खिसणीवानी हाय. चप्पल सोडायची न्हाई."

"बसवूया मग?"

"बसवलीया की. मागं बघ."

मागं साखरपुड्याचा मांडव आहे. पाट मांडलेत, धनू नटून बसलीय, आणि मांडवाच्या मधोमध माझी पिकअप, पोत्यांनी भरलेली. आई येते. पायरीवर एक पाय ठेवते, दुसरा ठेवते. कुणाचा हात नाही, कुणाचा खांदा नाही. मांडवातनं टाळ्या पडतात. माझे डोळे भरून येतात.

एवढ्यात चार गवळी येतात आणि हौद्यातनं पोती उतरवायला लागतात.

एक पोतं खाली येतं. गाडी थोडी वर होते. दुसरं येतं, आणखी वर. मग गाडी थांबायचं नावच घेईना. आई पायरीवर उभी, एका हातात साखरेचा पुडा, आणि वर वर चाललीय, फुग्यावाणी. तिचं डोकं मांडवाच्या झालरीला लागतं. पाहुण्यांना वाटतं हा कार्यक्रमातलाच भाग आहे. ते वर अक्षता फेकायला लागतात. नवऱ्याचा मामा मोबाइल काढतो.

"संप्या! खाली घे मला!" वरून आईचा आवाज येतो.

"आत्या, कायतरी कर!"

आत्या पोत्यावर बसून मिश्री लावतेय. हसून हसून तिचं पोट हालतंय. "जलम गेला तुझा पेंड इकण्यात, आणि भरल्या गाडीचं माप घेतूस? उद्या पोती घालूनच आईला नेणार हाईस व्हय?"

मी बोटं मोजत हिशेब लावतो. पोती काढली की भारानं दबलेले स्प्रिंगचे पाटे उठणार. गाडी उठली की पायरी उठणार. मग पायरीवर चढायला आईला आणखी एक पायरी लागणार.

"वहिनी माझ्यावर रागावलीया का रं?" आत्या एकदम हळू आवाजात विचारते.

"व्हिडिओ काढणाऱ्यावर. तुझ्यावर न्हाई."

"मी मुद्दाम न्हाई हसले त्या दिशी. हसू आलं." ती उठते. "पोरीच्या तोंडात पयली साखर वहिनीच्या हातची पडाय पायजे. माझा हात आता पोचत न्हाई."

"तू येत न्हाईस उद्या?"

"आलीया की. आज." ती गाडीखाली वाकते. गुडघे अजिबात वाजत नाहीत. मिश्रीचं बोट लोखंडी पट्टीवर टेकवते. "हितं."

ड्रिल घरघरतंय. वर आई, खाली आत्या, मध्ये घरघर, घरघर...

"थांबा!"

मी ओरडतच जागा होतो, टपाला डोकं आपटतो आणि दारातनं खाली पडतो. इलाहीभाई गाडीखाली उताणा, मशीन खडूच्या रेघेवर टेकवलेलं.

"क्या हुआ संपतराव? साप?"

"पोती उतरवा आधी!"

आम्ही दोघं पोती उतरवतो. इलाहीभाई शिव्या देत देत. शेवटचं पोतं खाली येतं, गाडी कण्हत वर येते. गलका ऐकून आई खुर्ची सोडून शेजारी येऊन उभी राहते, आणि खडूची रेघ चार बोटं वर, पार तिच्या गुडघ्याजवळ गेलेली दिसते. इलाहीभाई रेघेकडं बघतो, मग गुडघ्याकडं, मग शिव्या बंद करतो.

"मग आता कुठं?" तो विचारतो.

मी वाकतो. रेघेच्या खाली चार बोटांवर, पट्टीवर, एक काळा ठसा आहे. एका बोटाचा.

"ग्रीस आहे ते," इलाहीभाई फडकं घेऊन पुढं होतो.

"हात लावू नका," आई म्हणते. ती त्या ठशाशेजारी पाय उचलून बघते. गुडघ्याच्या वीतभर खाली, बरोबर. मग वाकते, ठशाची कड बोटानं टिपते आणि नाकाशी नेते.

भाजलेल्या तंबाखूचा, मिश्रीचा वास मलासुद्धा येतो.

आई पदराच्या टोकानं तोंड झाकते, आणि मला वाटतं ती रडतेय, पण तिचे खांदे हसण्यानं हालतायत.

"लाव हितंच," ती इलाहीभाईला सांगते. "मेल्या तरी वन्सनी ढकलायचं सोडलं न्हाई."