ओल्या कुरडयाइवरचे पाय

माही सून वारली तवा नात चार वर्साची होती. लेक वलगावातून सकाळीच कामाले अमरावतीले जाये, पोट्टी माह्याजवळ. माय गेल्यापासून ती फेकाफेक करे, चावे. उन्हाळ्यात बार्शीटाकळीची नणंद आली. म्हणे, "हिले मी घेऊन जातो. मिरचीची धुरी देल्ली का सुतासारखी सरळ होते." लेक आत्याच्या शब्दाबाहेर नाई. 

दुसऱ्या दिवशी कुरडया होत्या. शेजारच्या बाया आल्या, चीक शिजला, आंगणात लुगडं अंथरलं. पोट्टी सकाळपासून मागं लागली, "मले बी साचा दाबू द्या." "सरक, भाजशीन!" ज्यानं त्यानं हाकललं. मंग काय, ओल्या कुरडयाइवरून धावत गेली, या टोकापासून त्या टोकालोक.

नणंदेनं तिचं बखोट धरून चुलीकडं ओढलं. बाया म्हणे, "द्याच धुरी एक डाव." मी नणंदेचा हात धरला.

"बाई, सोडा तिले."

"डोक्यावर बसन तुह्या!"

"बसू द्या. डोक्सं माहं हाय."

मले धुरी ठाऊक हाय. नवी नवरी होती, दूध उतू गेलं म्हणून सासूनं देल्ली होती. तवापासून दूध चुलीवर ठेवलं का ध्यान सासूच्या पावलाइकडं, अन् दूध अजून उतू जाये. त्या धुरीनं मले भेव शिकवलं. काम नाई शिकवलं.

पोट्टीले मांडीवर घेतलं. रडू देल्लं. रडणं सरल्यावर इचारलं, "मोडलं ते कोण उचलन?"

"मी."

दोघींनी मिळून खरवडलं. मंग साचा तिच्या हातात देल्ला, वरून माहा हात. वाकड्यातिकड्या कुरडया पडल्या. त्याइची राखण बी तिलेच देल्ली. काडी घेऊन बसली. तेवढ्यात नणंद आंगणात उतरली.

"आत्याआजी, पाय! तिकून ये!"

बाया खदखदा हासल्या. नणंद वळसा घालून गेली.

संध्याकाळी लेकापुढं तिनं पुन्हा तेच काढलं. मी म्हटलं, "पोट्टी कुठंच जात नाई. या घरात लेकरावर हात उचलाचा नाई. ज्याले धुरी द्याची हाय, त्यानं पयले मले द्यावी." लेकानं आत्याकडं पायलं, माह्याकडं पायलं. म्हणे, "राहू दे, आत्या. इथंच राहीन ती."

कुरडया वाळल्या तवा नणंद एकटीच एस्टीत बसली. तिच्या पिशवीत मी कुरडया देल्ल्या. पोट्टीच्या हातच्या वाकड्या, वरच ठेवल्या.