धुऊन पुसून ठेवलेलं म्युझियम

नोकरीभर आयटीआयमध्ये पोरांना इंजिनं उघडून दाखवली. निवृत्त झालो तरी ती खाज जात नाही. धनजजवळ एका शेतात जुन्या मोटारींचं आणि यंत्रांचं खाजगी म्युझियम आहे असं कळलं, आणि एका मंगळवारी सकाळी अकोल्याहून गाडी काढली. तुम्हीही जायचं ठरवत असाल, तर आधी शेवटपर्यंत वाचा.

मूर्तिजापूरमार्गे कारंजापर्यंत रस्ता बरा आहे. स्टँडसमोर गरम आलूबोंडा आणि चहा घेतला. धनजकडून आत वळल्यावर मात्र शेवटचे तीन किलोमीटर नुसती खडी, गाडीचं पोट घासतं. एसटीनं गेलात तर धनजला उतरून ऑटो करावा लागतो. तिकीट वीस रुपये, तेही कुणी मागत नाही.

टिनाच्या शेडच्या दारात कमलाबाई उभ्या होत्या, वय सत्तरीचं. हे सगळं त्यांच्या नवऱ्यानं जमवलेलं. कापसाच्या जिनिंगमध्ये फिटर होते, तीन वर्षांपूर्वी वारले. आत गेलो आणि हरखूनच गेलो. रॉकेलवर फिरणारा पंखा, सोड्याच्या बाटल्या भरायचं यंत्र, मोठ्या चाकाचं ऑइल इंजिन, दोन जीप, एक फटफटी. धुळीचा कण नाही. प्रत्येकावर ताजं हळदीकुंकू.

मला इंजिनातलं कळतं म्हटल्यावर बाईंचा चेहरा उजळला. गुरुवारी एका कॉलेजची माणसं येणार होती. एक तरी यंत्र चालू दिसलं तर सगळं नेऊन नीट सांभाळू, असं कॉलेजवाले म्हणाले होते. नाहीतर पुतण्या भंगारवाल्याला बोलावणार. शेत त्याच्या नावावर, तिथं बाईंचं काही चालत नाही.

मी बाह्या सरसावल्या. ऑइल इंजिनाचं चाक हलेना. जीपला हँडल लावलं, तीही जाम. प्लग काढला तर भोकातून तांबडं पाणी आलं. हे पाणी कुठलं, असं विचारलं.

"दर अवसेले पाइप लावून धुनं होते न सगळ्याइचं," त्या कौतुकानं म्हणाल्या. "हे गेल्यापासून एक अवस चुकू नाई देल्ली."

तीन वर्षांच्या अमावास्या. एकेक यंत्र आतून गंजून गेलं होतं.

मागच्या खोपटात गोल पाठीची एक काळी मोटार होती, धुळीनं पांढरी झालेली. पाइप तिथवर पुरत नव्हता म्हणून वाचलेली. तिचं इंजिन फिरलं. कारंज्याला जाऊन बॅटरी आणली, टाकी साफ केली, चार तास झटलो, आणि ती खोकत खोकत चालू झाली. कमलाबाई बॉनेटवर हात ठेवून रडल्या. मग त्यांनी भाकरी आणि झुणका वाढला. जेवता जेवता विचारलं,

"भाऊ, बाकीच्या काहून नाई चालू झाल्या? माहं काई चुकलं का?"

तीस वर्षं मास्तरकी केली, चुकलं तिथं चुकलं म्हणायचाच पगार घेतला. या बाईला मात्र म्हणवेना. "नाही हो," म्हणालो, "वय झालं त्यांचं."

मोटारीला एअर फिल्टर नव्हता. धूळ आत जाऊ नये म्हणून कार्बोरेटरच्या तोंडावर फडकं बांधलं, किल्ली कशी फिरवायची ते बाईंना शिकवलं, आणि मोठं पुण्य केल्याच्या थाटात घरी आलो.

गुरुवारी दुपारी त्यांचा फोन आला. कॉलेजवाले येऊन गेले होते. मोटार चालूच झाली नाही.

"पावने येनार म्हनून काल चांगली घासून धुतली होती, भाऊ. झाकन उघडून आतूनबी. पाइप पुरत नाई, तर बादल्या नेल्या. ते मळकं फडकं काढून टाकलं." मग म्हणाल्या, "तिचंबी वय झालं अशीन न?"

मी हो म्हणालो.

मी तातडीनं जाऊन ती पुन्हा खोलली, उघड्या कार्बोरेटरमधून पाणी आत शिरलं होतं, पण कॉलेजवाले परत यायला तयार झाले नाहीत. पुढच्या आठवड्यात पुतण्यानं ट्रक भरून सगळं भंगारात पाठवलं. म्हणून पत्ता देत नाही. शेड रिकामी आहे. त्या दिवशी जेवताना खरं सांगितलं असतं तर बाई रडल्या असत्या, कदाचित मला ताटावरून उठवलं असतं, पण बादल्या नेल्या नसत्या. त्यांना अजूनही वाटतं, त्यांच्या हातून काही चुकलं नाही. चुकलेला माणूस मी आहे, आणि हे त्यांना सांगायची हिंमत माझ्यात आजही नाही.