कडेनं पाहणारे काका

संध्याकाळी वर्ध्याच्या बसमधून पवनारला उतरले की शेजारचे काका ओट्यावर बसलेले दिसतात. माझ्याशी बोलताना ते धाम नदीकडे बघत राहतात. आधी मला ते तुसडेच वाटले होते.

एकदा त्यांनीच सांगितलं, "सरळ पाह्यलं का तुया चेहरा धुक्यात जाते, पोरी. कडेनं पाह्यलं का दिसते."

त्यांच्या डोळ्याच्या पडद्यावरच्या मधल्या पेशी मरत चालल्यात. मेलेल्या परत येणार नाहीत, पण पालेभाजीतलं ल्युटीन उरलेल्यांना कदाचित वाचवेल, असं डॉक्टर म्हणाले. तेव्हापासून जन्मभर पालेभाजीला नाक मुरडणारे काका रोज वाटीभर पालक खातात. डोळे मिटून, सावकाश, जणू प्रत्येक घासाला आत कुठे जायचं ते समजावून सांगत असावेत.

"उरलेल्या पेशी खरंच वाचतील का हो, काका?" मी काल विचारलं.

"काय मालूम! पन जेवढं राह्यलं, तेवढ्यात हे मावते ना," काकूंकडे बोट दाखवून ते म्हणाले.

काकू गॅसवर कढई ठेवून दारात आल्या होत्या. अंगणात पिवळसर, संथ ऊन उतरलं होतं. काका नदीकडे तोंड वळवून काकूंना म्हणाले, "थांब वं, हलू नको."

"आता या वयात काय पाह्यता?" काकू लाजल्या, पण हलल्या नाहीत.

दोघंही मला विसरून गेले होते. आतून पालक करपल्याचा वास आला, तरी काकू दारातच उभ्या राहिल्या.