चीनची रिकामी यानं आणि माझी दहावी

आधी खालांचं सांगते, मग जे झालं ते.

हैदराबादेत विद्यानगरला आम्ही ज्या घराच्या वरच्या खोलीत राहत होतो, त्या घराच्या मालकीणबाई म्हणजे खाला, उर्दूत मावशी. मुलींच्या उर्दू शाळेत जन्मभर सायन्स शिकवून रिटायर झालेल्या, मुलगी लग्न होऊन परगावी म्हणून एकट्या राहणाऱ्या. बसमध्ये बायकांनी पुढच्या दारानं चढायचं, हे मला त्यांनी सांगितलं. तेलुगू भाजीवालीशी बोलायचे चार शब्द त्यांनी दिले. आणि लग्न होऊन हिंगोलीकडच्या खेड्यातून आलेल्या, सातवीत शाळा सुटलेल्या मला दहावीला बसवायचं खूळ त्यांच्याच डोक्यातलं. त्यांचं नाव मी लिहीत नाही. लिहायला तोंड नाही, हे खरं कारण आहे.

आमच्या माहेरी भिंतीवर हातात पुस्तक घेतलेली तसबीर आहे. आमच्या लोकांत ती घरोघर असते. तिच्याखाली बसून मी सातवीपर्यंत शिकले आणि तिच्याखालीच एक दिवस वडील म्हणाले, "हायस्कूल नदीपलीकडं आहे, पावसाळ्यात पोरगी कशी जाणार?" पावसाळा गेला, पण मी काही परत शाळेत गेले नाही. हैदराबादला आल्यावर कुणी "कित्ता पढे?" विचारलं की मी पदर सारखा करायची आणि चहा ठेवायला उठायची.

आमचे हे रेल्वेच्या दवाखान्यात ड्रेसर, मलमपट्टी करणारे. ते सकाळी तारनाक्याकडे गेले की दिवस रिकामा. खाला खालून हाक मारायच्या, "अरी ओ मराठन! नीचे आव, पेपर सुनाती." त्यांचा उर्दू पेपर. त्या वाचणार, मी शेंगा सोलणार.

त्या वर्षी उन्हाळ्याच्या आधी अमेरिकेचं यान परत येताना आभाळातच तुटलं. त्यात आपल्याकडची मुलगी होती. खाला दोन दिवस नीट जेवल्या नाहीत. "जाना मुश्किल नई रहता बेटा, वापस आना मुश्किल," म्हणाल्या. त्यानंतर त्यांनी चीनची बातमी धरली. चीन आपला माणूस वर पाठवणार होता. कधी पाठवणार, कुणाला पाठवणार, काही सांगत नव्हता. पेपरात कोपऱ्यात दोन ओळी आल्या तरी खाला त्या दोनदा वाचायच्या. त्यांना फार आवडायचं ते एकच. चीननं माणसाआधी यानं रिकामी पाठवून बघितली. एकदा नाही, चारदा. शेवटच्या वेळी माणसाच्या जागी पुतळा बसवला.

"देखे? हड़बड़ करतेच नई लोगां. खाली जाव, खाली आव. फिर आदमी." खाली म्हणजे त्यांच्या बोलीत रिकामं.

घरी शिकून दहावी देता येते त्या मुक्त शाळेची मराठी पुस्तकं टपालानं आली तेव्हा खालांना मराठी वाचता येत नव्हतं आणि मला त्यातलं समजत नव्हतं. मग मी मोठ्यानं वाचायची आणि त्या समजावायच्या. मी म्हणायची, "गुरुत्वाकर्षण." त्या म्हणायच्या, "ये क्या आफत है? मतलब बोलो." मी पुढची ओळ वाचली की त्यांना उलगडायचं, "अच्छा, कशिश! जमीन तुमकू खींचरी. तुम भी जमीन कू खींचरे. मगर तुम्हारी कोई सुनता नई." आणि खदखदून हसायच्या. अजून मला तो शब्द उर्दूतच आधी आठवतो.

मी ह्यांच्याशिवाय कुणाला सांगायचं नाही असं ठरवलं होतं. नापास झाले तर? खालांनाही ते पटलं. "चीनवाले भी नाम नई बतारैं. अपन भी नई बताते." पण समोरच्या खोलीत पुण्याच्या वहिनी राहायच्या. त्यांचे मिस्टर कॉम्प्युटरच्या कंपनीत. पुस्तकांचा गठ्ठा पोस्टमननं चुकून त्यांच्या दारात ठेवला.

"अय्या, दहावीची पुस्तकं? कुणाची गं?"

"नणंदेच्या मुलीची," मी म्हणाले.

"मग तिकडे गावी का नाही मागवली?"

मी गठ्ठा उचलायला वाकले. त्या हसल्या आणि माझ्या दंडाला हात लावून म्हणाल्या, "किती गोड गं! ह्या वयात!" मी तेव्हा पंचविशीचीही नव्हते. त्या वाईट नव्हत्या. पण त्या "गोड"नं मी आठवडाभर जिन्यात त्यांना टाळत होते.

परीक्षेचं केंद्र आलं गौलीगुड्याकडच्या एका जुन्या शाळेत. मी केंद्राचं नाव वाचूनच घाबरले. तो भाग म्हणजे सगळ्या गावच्या बसचा, हमालांचा, गर्दीचा. खाला म्हणाल्या, "खाली जाके आते."

आणि खरंच आम्ही रिकाम्या फेऱ्या केल्या. पहिल्या फेरीत नुसतं बसनं जाऊन, तिथं चहा पिऊन परत. दुसऱ्या फेरीत शाळेच्या फाटकापर्यंत. तिसऱ्यांदा सुट्टीच्या दिवशी खालांनी चौकीदाराशी गप्पा मारून आम्हाला आत नेलं, नळ कुठं, बाथरूम कुठं, सगळं दाखवलं. चौथ्या फेरीला मी परीक्षेच्या दिवशीची साडी नेसून, पॅड, पेन्सिल, पाण्याची बाटली घेऊन व्हरांड्याच्या पायरीवर जुना पेपर पूर्ण वेळ सोडवला. खाला बाजूला बसून घड्याळ बघत होत्या. चौकीदारानं विचारलं, "ये क्या चलरा अम्मा?"

"पुतला बिठाई," खाला म्हणाल्या. "अगली बार आदमी."

घरी आल्यावर ह्यांनी विचारलं, "काय गं, उडालं का यान?"

"आज पुतळा होता," मी म्हणाले.

"पुतळा बरा. भाकरी तरी करतोय का?" म्हणत त्यांनी स्वतःच पीठ काढलं. चेष्टा करायचे, पण त्या महिन्यात एकदाही त्यांनी मला पुस्तकावरून उठवलं नाही.

ऑक्टोबरात बातम्या दाट झाल्या. आज पाठवणार, उद्या पाठवणार. थेट दाखवणार म्हणाले, मग नाही म्हणाले. खाला ओळखून होत्या. "डररैं. सबके सामने कुछ हो गया तो?" मला तो देश एकदम आपल्यातला वाटला. एवढा मोठा देश, आणि त्यालाही लोक बघतील ह्याची धास्ती.

आणि योग असा की तो माणूस ज्या दिवशी सकाळी वर गेला, त्याच दिवशी दुपारी माझा पहिला पेपर होता. विज्ञानाचा. यान वर पोचल्यावरच चीननं चित्रं दिली. खाला टीव्हीसमोर उभ्याच होत्या. धूर, जाळ, आणि ती पांढरी सुई वर. त्यांच्या डोळ्यांत पाणी. डोळे पुसले त्याच हातानं त्यांनी माझी आकृत्यांची पेन्सिल ब्लेडनं तासली, टोक सुईसारखं केलं आणि टोपण लावलं. "नोक नई टूटना," म्हणाल्या. सोबत यायला निघाल्या होत्या, पण त्यांचे गुडघे सुजलेले. मीच म्हणाले, "खाला, मला आता सगळं माहीत आहे. मी जाते." आनंदाच्या भरात त्यांनी जिन्यातच जाहीर केलं, "चीन का आदमी ऊपर गया, हमारी मराठन इम्तिहान कू गई!" वहिनी दारात आल्या आणि टाळ्या वाजवल्या. मी मान खाली घालून उतरले.

बस बरोबर मिळाली. रस्ता बरोबर. फाटक तेच. पण रिकाम्या फेरीला ते फाटक रिकामं होतं. आज तिथं पोरापोरींची झुंबड होती आणि फाटकात चौकीदाराऐवजी एक तरुण मास्तर उभा. माझ्या अगदी पुढं हिरव्या रिबिनीची एक मुलगी होती. तिच्या पाठोपाठ मी पाय टाकला तसा त्यानं हात आडवा केला.

"अम्मा, पेरेंट्स उधर. झाड के नीचे. बच्ची कू जाने देव."

आणि मी म्हणाले, "अच्छा."

एवढंच. हॉल तिकीट पिशवीत होतं. काढून दाखवायचं होतं. "पेपर मेरा है" म्हणायचं होतं. पण कुणी फाटकातून बाजूला हो म्हटलं की बाजूला व्हायचं, हे मी जन्मल्यापासून इतक्या वेळा केलं होतं की पाय आपोआप वळले. शाळेच्या कडुलिंबाखाली आईबाप बसले होते. एका बाईनं सरकून जागा दिली.

"आपकी कौनसी?"

मी फाटकाकडं बोट केलं. "वो. हरे रिबन की."

घंटा झाली. फाटक थोडा वेळ उघडंच होतं, उशिरा आलेली दोघं-तिघं धावत आत गेली. प्रत्येक वेळी मी मनात उठले. आता उठले तर ह्या बाईला काय सांगू, तुझ्याशी खोटं बोलले म्हणून? एका अनोळखी बाईपुढं लाज वाटू नये म्हणून मी खालांची सगळी मेहनत त्या झाडाखाली मांडीवर घेऊन बसले. मग फाटक लागलं.

तेव्हा मला उमगलं की आमच्या एकाही रिकाम्या फेरीत मी तोंड उघडलं नव्हतं. कंडक्टरशी, चौकीदाराशी, चहावाल्याशी, सगळीकडे खालाच बोलल्या होत्या. बस, रस्ता, बाक, घड्याळ, सगळं तपासून झालं होतं. माझा आवाज तेवढा राहिला होता.

पेपर सुटला. हिरव्या रिबिनीची मुलगी पळत आली आणि स्कूटरवरच्या बापामागं बसून निघून गेली. शेजारच्या बाईनं माझ्याकडं बघितलं. मग पिशवी उचलून चालायला लागली. बोलली असती तर बरं झालं असतं.

घरी पोचले तर जिन्यात माणसं. वहिनींनी जिलेबी आणलेली. खालांच्या टीव्हीवर तेच यान परत परत उडत होतं.

"कसा गेला गं? सोपा होता?"

मी वाकून चपला काढत राहिले. खालांनी माझ्या हातातून पिशवी घेतली, पॅड काढलं, पेन्सिलीचं टोपण काढलं. टोक जसंच्या तसं होतं, सुईसारखं. त्यांनी टोपण परत लावलं.

"थकरी है बच्ची," त्या वहिनींना म्हणाल्या. "कल पूछना. जिलेबी मेरेकू देव, मैं खाती."

मी वर आले. ह्यांना सांगितलं. ते म्हणाले, "मी रजा टाकून आलो असतो. सांगायचं होतंस." ते रागावले असते तर मी रडले तरी असते.

सकाळी चहाच्या आधीच जिन्यात पावलं वाजली. एक पायरी, थांबा, एक पायरी. सुजलेल्या गुडघ्यांनी खाला वर येत होत्या. मी धावत जाऊन हात दिला.

"उतर गया," त्या धापा टाकत म्हणाल्या. "सही सलामत. चलके बाहर आया."

मग खाटेवर बसल्या. मी खाली मान घालून सगळं सांगितलं, हिरवी रिबीन धरून सगळं. वाटलं, आता म्हणतील, पत्थर पे पानी डाली मैं. पण त्या म्हणाल्या, "गलती मेरी है. हर जगह मैंच बोली. तुमकू बोलने कब दी?"

त्या दिवसाइतकी लाज मला कडुलिंबाखालीही वाटली नव्हती. चूक माझी, आणि ती उचलायलाही त्याच वर चढून आल्या होत्या.

"उठो," त्या म्हणाल्या. "ये पाँचवाँ भी खाली गया समझो. और एक खाली फेरी करते."

खाला आमच्या खोलीच्या दारात उभ्या राहिल्या. हात आडवा केला आणि मास्तरांच्या आवाजात ओरडल्या, "पेरेंट्स उधर!"

मी म्हणाले, "पेपर मेरा है."

"सुनाई नई देरा! कौन पेरेंट? किसकी माँ?"

"पेपर मेरा है!"

समोरचं दार उघडलं. वहिनी बाहेर आल्या, आमच्याकडं बघितलं आणि त्यांना काय झालं ते कळलं असावं. मला वाटलं, आता "गोड" म्हणतील. त्या म्हणाल्या, "मराठीत पण म्हण गं. तोंडात नीट बसेल."

"पेपर माझा आहे," मी म्हणाले.

बाकीचे पेपर मी दिले. फाटकात मास्तर तोच होता. दुसऱ्या वेळी त्यानं हात आडवा करायच्या आधीच मी एवढ्या जोरात ओरडले की तो दचकून बाजूला झाला. बाकी सगळे विषय सुटले. विज्ञान राहिलं. खालांचा विषय तेवढा राहिला.

नंतर आमची बदली झाली, खालांना त्यांची मुलगी आपल्याकडं घेऊन गेली. मुक्त शाळेत राहिलेला विषय नंतरही देता येतो. दर खेपेला अर्ज भरायचा दिवस येतो, आणि त्या पेपराचं नाव वाचलं की मला ते झाड दिसतं. मग माझ्या लेकीचा ताप, ह्यांची ड्यूटी, काहीतरी कारण निघतंच. माझी मुलगी आता शाळेत जाते. परवा तिनं विचारलं, "आई, वस्तू खाली का पडते?" मी म्हणाले, "कशिश." तिला काही कळलं नाही. मी मात्र शेंगा सोलायच्या सोडून तशीच बसले.

खाला, हे मराठीत लिहिलंय, तुम्हाला कुणीतरी वाचून दाखवावं लागेल. त्याला म्हणावं, मोठ्यानं वाच. मी विज्ञानाचा पेपर देणार आहे. ती पेन्सिल तासायची नाही असं ठरवून मी अजून ठेवली आहे, टोपण लावून. पेपर देईन तेव्हा तिचं टोक मोडून येईन आणि ती मोडकी पेन्सिल तुमच्या हातात आणून देईन, तुमची मुलगी जिथं राहत असेल तिथं. जिना कितीही उंच असला तरी ह्या वेळी वर चढून मी येईन.