पडद्याकडे पाठ

नाना सिनेमा पाहत नसत; सिनेमा पाहणाऱ्यांना पाहत. धुळ्यात देवपूरला त्यांचं व्हिडिओ पार्लर होतं. खेळ सुरू झाला की टीव्हीखाली स्टूल टाकून, पडद्याकडे पाठ करून बसत. म्हणत, "मांगे काय चाली ऱ्हायनं ते बठ्ठं तुमना तोंडवर दिसस."

नववीत नापास होऊन मी पिंपळनेरहून आलो, तो त्यांच्या दारातले बोर्ड रंगवू लागलो. एकदा सुरतेहून एक परदेशी कार्टूनची कॅसेट आली. उद्याचं कुठलं तरी काळोखं शहर, जांभळ्या दिव्यांच्या गल्ल्या आणि लांब कोटातला यंत्रमानव गुप्तहेर. भाषा कुणालाच कळेना. मी मात्र वेडा झालो. सिगारेटचा धूरसुद्धा काय काढला होता! पण मध्यावरच निम्मे लोक चहाला उठले.

"चित्र बठ्ठं झकास शे," नाना म्हणाले, "पन हाऊ गडी काय शोधी ऱ्हायना?"

"नाना, नुसतं बघायलाही मजा येते की!"

"तुले येस. तू रंगारी शे."

दुसऱ्या दिवशी नाना उभे राहिले आणि गोष्ट सांगू लागले: हा गुप्तहेर हरवलेला भाऊ शोधतोय. पाठ पडद्याकडेच! लोक दचकले की नाना ओरडत, "दखा, दगा व्हयना!" पुढच्या रांगेत एकाला ढेकूण चावला, तो किंचाळला आणि नानांनी भाऊ मारून टाकला. मग त्याला परत जिवंत करताना त्यांना घाम फुटला. पण चहाला कुणी उठलं नाही.

मी चिडलो. "नाना, असं सिनेमात नाहीच."

"मंग काय शे, तू सांग." मी बोर्ड पुसायला घेतला. तेव्हा खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "काळोख मात्र भारी शे. त्याना करताच लोके पुढे सरकीसन दखतस."

पुढे बोर्ड रंगवून बसलेल्या हाताच्या जोरावर हैदराबादच्या एका कार्टून स्टुडिओत लागलो, पण कच्चा. बाकी सगळे कॉलेजवाले. एक छोटी फिल्म करून साहेबांना दाखवायची; नाही आवडली तर परतीचं तिकीट. मी काळोखं शहर काढलं, पत्र्याचा गुप्तहेर काढला. शेजारचे वा वा म्हणाले, पण मला नानांचा प्रश्न आठवला. हा गडी शोधतोय काय? शेवटी त्याच्या हातात लहान मुलाची एक चप्पल दिली आणि त्याला दारोदार फिरवलं. काळोख तसाच ठेवला.

फिल्म लागली तेव्हा मी खुर्ची फिरवून बसलो. साहेबांचा चेहरा दगडासारखा. चहावाला आत आला आणि ट्रे हातात धरून तिथेच थांबला. चप्पल एका इवल्याशा पायात बसली तेव्हा तो तेलुगूत मोठ्यांदा काहीतरी ओरडला. साहेब हसले. मग टाळ्या. नोकरी पक्की झाली.

एसटीडीवरून नानांना फोन केला. सगळं ऐकून त्यांनी एकच विचारलं, "तू कोनाकडे दखी ऱ्हायनता?"

"लोकेसकडे, नाना."

"मंग पास."

बूथमधून बाहेर आलो तो रडत आणि हसत. नववीत नापास झाल्यापासून हा शब्द मला उद्देशून कुणी उच्चारला नव्हता.