कानवाले ठिपके

माझ्या वडिलांनी आयुष्यभर एकच काम केलं, खोट काढण्याचं. आधी बारा वर्षं कापड गिरणीत. तयार कापड टेबलावरून सरकत असताना त्यातले दोष हेरायचे. संपात गिरणी गेली तेव्हा साकीनाक्याला स्प्रिंगा बनवणाऱ्या एका गाळ्यात लागले आणि तिथेही तेच, चांगल्या इकडे, वाकड्या तिकडे. दत्ताराम चेकर. घाटकोपरच्या भटवाडीत अजून लोक त्यांना याच नावाने ओळखतात. घरीही ही सवय सुटत नसे. नव्या साडीचा काठ पूर्ण उलगडून बघितल्याशिवाय आईला नेसू द्यायचे नाहीत. आई वैतागून म्हणायची, "माझ्यात काय खोट सापडली ता पण सांगा एकदा."

मी त्यांची एकुलती मुलगी, अक्षता. पीएचडी झाल्यावर एका संशोधन संस्थेत पोस्टडॉक करत होते. काम काय होतं ते सांगते, नाहीतर माझा गाढवपणा कळायचा नाही. आपल्या शरीरातली प्रोटीनं डोळ्यांना दिसत नाहीत. ती बर्फाच्या पातळ थरात गोठवून इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने त्यांचे फोटो काढतात. एका फोटोत शेकडो धूसर ठिपके असतात आणि प्रत्येक ठिपका म्हणजे तेच प्रोटीन, वेगळ्या बाजूने दिसणारं. असे लाखो ठिपके कॉम्प्युटरवर एकमेकांशी जुळवले की त्या प्रोटीनचा आकार उभा राहतो. चांगले ठिपके आपोआप निवडणारा प्रोग्राम मी लिहीत होते. पण त्याला शिकवायला आधी माणसाने हाताने निवडलेले हजारो ठिपके लागणार होते.

ते २०२१ साल होतं, कोरोनाची दुसरी लाट. माझ्या हाताखालचे दोन विद्यार्थी आपापल्या गावी गेलेले, मी घरी अडकलेली. बाबा सत्तरीचे, खिडकीत बसून रिकाम्या रस्त्याला नावं ठेवत होते. मी त्यांच्या हातात माउस दिला. म्हटलं, चांगल्या ठिपक्यावर हिरवी खूण करा, खराब असेल तर लाल. दोन दिवस माउस टेबलावरून खाली पडत राहिला. तिसऱ्या दिवसापासून त्यांनी माझ्या दोन्ही विद्यार्थ्यांना मागे टाकलं. चहा गार होऊ लागला, आई टोमणे मारू लागली, आणि मी मनातल्या मनात खूश झाले की फुकटात माणूस मिळाला.

काही दिवसांनी त्यांनी हाक मारली.

"अक्षता, ह्येका कान आसा."

"काय आहे?"

"कान. हा बघ, एका अंगाने बाहेर आलाय. असे बरेच आसत."

"तुटलेले असतील, बाबा. लाल करा."

"तुटला तर कुठेही तुटेल ना? हा दरवेळी त्याच जागी." त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला. "कापडात डाग एकदा आला तर तो डाग. त्याच जागी दहादा आला तर विणायच्या मागात काय तरी आसा. मग आम्ही कापड फेकत नव्हतो. मागाकडे जाऊन बघायचो."

मी हसले. दोन दिवसांनी त्यांनी तोच विषय पुन्हा काढला. नेमका तेव्हा प्रयोगशाळेच्या प्रमुख सरांचा फोन येऊन गेला होता, पेपर पाठवायची तारीख डोक्यावर होती. मी ओरडले, "बाबा, ही गिरणी नाहीये! सांगितलंय तेवढं करा."

त्यांनी माउस पुढे ओढला. कानवाले सगळे ठिपके लाल केले.

पेपर छापून आला. शेवटी आभार मानायची जागा असते. तिथे मी सरकारी अनुदानाचे आभार मानले, कॉम्प्युटर खात्याचे मानले. बाबांचं नाव घालायची मला लाज वाटली. लोक काय म्हणतील, बापाकडून ठिपके निवडून घेतले?

दोन वर्षांनी परदेशातल्या एका गटाने त्याच प्रोटीनवर काम छापलं. ते प्रोटीन दोन आकारांत राहतं. दुसऱ्या आकारात त्याचा एक पापुद्रा दारासारखा उघडतो आणि तिथूनच औषध आत शिरतं. चित्र बघितलं. तो कान होता.

पुढच्याच आठवड्यात कायम नोकरीसाठी माझी मुलाखत होती. एका वयस्कर परीक्षकांनी अगदी सौम्यपणे विचारलं, "तुमच्याकडेही हेच प्रोटीन होतं. दुसरा आकार कसा दिसला नाही?"

मी म्हणाले, "आमच्या फोटोंमध्ये तो नव्हता."

घरी येऊन लाल ठिपक्यांचा ढीग उघडला. दर नऊ ठिपक्यांत एक कानवाला. बाबांनी लाल केलेलं बघून माझा प्रोग्रामही इमानदारीत सगळे कानवाले फेकायला शिकला होता. ते एकत्र जुळवले तर चार दिवसांत दुसरा आकार समोर उभा राहिला. फक्त चार दिवस लागले. नोकरी दुसऱ्याला मिळाली, आणि तिचं मला फारसं वाईट वाटलं नाही. त्या एका खोट्या वाक्याचं वाटलं, अजून वाटतं.

बाबांना सांगितलं तेव्हा ते पलंगावर बसून लसूण सोलत होते. आईच म्हणाली, "त्यांनी तेव्हा काय काय लिवन ठेवलेला. डब्यांखाली बघ." स्वयंपाकघरात डब्यांखाली जुन्या कॅलेंडरची पानं अंथरलेली होती. एका पानाच्या मागे बाबांचं अक्षर. फोटोचा नंबर आणि पुढे त्यात दिसलेल्या कानवाल्यांच्या रेघा. पान अर्धं भरलं होतं. मी ओरडले त्या दिवसानंतर एकही रेघ नव्हती.

"बाबा, तुम्ही बरोबर होतात."

"माका ठाऊक होता."

"मग भांडायचं ना माझ्याशी!"

"साहेबान शिक्का मारल्यावर चेकर भांडत नाय." ते लसणाकडेच बघत होते. "त्या दिवशी तू साहेबासारखा बोललंस."

मला रडू आलं. म्हटलं, नवीन पेपर लिहितेय, त्यात तुमचं नाव घालते, अगदी वर घालते. त्यांनी ते ऐकलं की नाही कोण जाणे.

"आता ठिपके कोण निवडता?"

"प्रोग्रामच निवडतो."

"तो उलट बोलता?"

"नाही."

बाबांनी सोललेली पाकळी वाटीत टाकली.

"मगे बरा झाला," ते म्हणाले. "तुका तसोच हवो होतो."