जमिनीला टेकलेलं दार

'टू-लेट'ची पाटी कुठेही दिसली, की मला अजून ती निपाणीची आई आठवते. ती बेपत्ता झाल्याची नोंद माझ्या हातची. लोक मला निवृत्त अधिकारी म्हणतात. निवृत्त कसली, केस काळे असतानाच मी राजीनामा दिला. आता भाडेकरूंच्या संघटनेसाठी पत्रकं लिहिते, त्यामुळे लिहिण्यात कडकपणा येतो. सांभाळून घ्या. किंवा घेऊ नका.

तेव्हा मी बंगळूरच्या बेळ्ळंदूर भागातल्या एका ठाण्यात सब-इन्स्पेक्टर होते. सकाळची हजेरी चालू असताना एक तिशीतला मुलगा आत आला. आयटीत नोकरी, सर्जापूर रोडच्या गेटेड सोसायटीत चौदाव्या मजल्यावर फ्लॅट. वडील गेल्यावर त्यानं आईला निपाणीहून इकडे आणलं होतं. आदल्या दिवशी दुपारी ती खाली उतरली ती परत आलीच नाही. फोन घरीच.

"मॅडम, प्लीज तळ्याकडे माणसं पाठवा," तो म्हणाला.

"घरात भांडण?"

"नाही हो. सगळं परफेक्ट होतं. तिला सेपरेट रूम, अटॅच्ड बाथरूम, बाल्कनी."

"भाषा कुठली येते?"

"ओन्ली मराठी. थोडं मोडकं हिंदी. कन्नड झीरो. म्हणून तर टेन्शन आहे."

मी तसंच लिहून घेतलं. वायरलेसवर वर्णन गेलं, रुग्णालयांत चौकशी झाली, बीटवरच्या शिपायांच्या हातात फोटो दिला. दोघा शिपायांना तळ्याकडे पाठवलं आणि मुलाला घेऊन मी सोसायटीच्या गेटवरचं फुटेज बघायला गेले. कापडी पिशवी घेऊन ती बाहेर पडताना दिसली. वाट चुकलेलं माणूस थबकतं, मागे बघतं. ही ताडताड चालली होती. जिथे जायचं ते ठरलेलं होतं.

मागच्या गल्लीत पालेभाजी विकणाऱ्या बाईला आमच्या शिपायानं सकाळीच फोटो दाखवला होता. ती नाही म्हणाली होती. मी पुन्हा दाखवला.

"अय्यो, ही तर आमची अक्का!"

"मग सकाळी नाही का म्हणालात?"

"तुमचा माणूस म्हणाला, हरवलेल्या बाईला कन्नड येत नाही. म्हणून मी फोटो नीट बघितलाच नाही. ही तर कन्नडच बोलते! बेळगावकडचं. आम्ही तिच्या बोलण्याला हसतो, ती आमच्या."

मी मुलाकडे बघितलं. तो लहानपणापासून पुण्यात मामाकडे शिकलेला. सीमेवरच्या गावात बाजारहाट दोन्ही भाषांत होतो, हे त्याला ठाऊकच नव्हतं. आपली आई ज्या भाषेत हसते, ती भाषा त्यानं तिच्या तोंडून कधी ऐकलीच नव्हती.

"आणखी काय बोलायची?" मी विचारलं.

"घर शोधत होती की. भाड्याचं. एकटीसाठी."

"इम्पॉसिबल," मुलगा म्हणाला.

भाजीवाल्या बाईनंच तिला एक दलाल गाठून दिला होता. झेरॉक्सच्या दुकानात बसायचा. मला बघून उभाच राहिला.

"मी काही केलं नाही, मॅडम."

"खाली बस. काय काय दाखवलंस ते सांग."

"आधी स्टँडअलोन अपार्टमेंट. एकच इमारत, एक लिफ्ट, मेंटेनन्स कमी. अक्कानं विचारलं, गच्चीची किल्ली कुणाकडे? म्हटलं, सेक्रेटरीकडे. नको म्हणाली. मग इंडिपेंडंट घराचा वरचा मजला. खाली मालक. त्यानं विचारलं, एकट्या बाईकडे येणार-जाणार कोण? हिनं विचारलं, तुमच्याकडे कोण येतं? तिथेच संपलं. मग स्टुडिओ."

"म्हणजे?"

"ओटा आणि पलंग एकाच खोलीत. बघून म्हणाली, दवाखाना आहे काय? शेवटी मी पीजी दाखवलं, चार पोरींच्या खोलीत एक कॉट, तर मला पिशवीनं मारायला धावली."

"तिला हवं होतं तरी काय?"

"दार जमिनीला टेकलेलं पाहिजे. उघडलं की समोर माणूस दिसलं पाहिजे. म्हटलं, अक्का, असली घरं ॲपवर नसतात. मी नाद सोडला."

"शेवटची कधी दिसली?"

"काल दुपारी. शेजारच्या दुकानातून नवं पातेलं आणि दुधाची पिशवी घेऊन गेली."

तिथे मला उलगडलं. आमचं घराणं पिढ्यान् पिढ्या बंगळूरचं. इकडे नव्या घरात पाऊल टाकलं की आधी चुलीवर दूध उतू जाऊ देतात. आणि ज्या घरात दूध उतू गेलं, ते पहिल्या रात्री रिकामं ठेवत नाहीत.

"तळ्याकडची माणसं परत बोलवा," मी सोबतच्या हेड कॉन्स्टेबलना म्हटलं. "त्या बाईंना घर मिळालंय."

घर कसलं असणार तेही कळलं. वठार. एका अंगणाभोवती ओळीनं खोल्या, मधे नळ, समोरासमोर दारं. मी अशाच वठारात वाढले. ते पाडून आता तिथे स्टँडअलोन उभी आहे.

"टॉवरांच्या मागे जुन्या गावात एक उरलंय, मॅडम," हेड कॉन्स्टेबल म्हणाले.

दारापुढे ताजी रांगोळी होती. उंबऱ्यात बसून ती शेजारणीबरोबर अवरेकाईच्या, आपल्या पावट्याच्या, शेंगा सोलत होती.

"आई! तुला तळ्यात शोधतोय आम्ही!"

"तळ्यात? मी काय म्हैस हाय?" मग माझा गणवेश दिसला आणि तिचे हात थांबले. "रातभर जागलास व्हय रं? आज येऊन सांगणारच हुते. पहिल्या रात्री घर सोडत न्हाईत. तुझा नंबर पाठ न्हाई."

"आधी सांगायचं ना!"

"सांगितलं की. कितींदा. तू म्हणायचास, मोठा फ्लॅट घेऊ."

"काय कमी होतं तिथे?"

"काय बी न्हाई. बेल वाजली की पार्सल. माणूस कधी न्हाई."

मुलगा माझ्याकडे वळला. "मॅडम, तुम्ही सांगा ना तिला, घरी चल म्हणून."

"त्या सज्ञान आहेत. मी फक्त जबाब घेणार."

तेवढ्यात वठाराची मालकीण आली. "मुलगा आला, बरं झालं. करार त्याच्या नावानं होणार. एकट्या बाईला मी खोली देत नाही."

आई शेंगांकडे बघत राहिली. मुलाला न विचारता तिनं त्याची सही कबूल करून टाकली होती.

मला राग आला, अजून येतो. उभा संसार केलेल्या बाईला एका खोलीसाठी पोराची सही लागावी? मी तर गणवेश घालून घरं बघत फिरले. 'लग्न झालेलं नाही? मग सॉरी.' कायदा माझ्या खांद्यावर होता आणि दार बंद होत होतं.

मुलगा आत डोकावला. एक खोली, ओटा, शेगडीवर करपलेल्या दुधाचा डाग. मग वाकून त्यानं उंबरा वितीनं मोजला.

"पावसात अंगणातलं पाणी आत येतं का?" त्यानं मालकिणीला विचारलं.

"स्वल्प," ती म्हणाली. "उंबऱ्यापर्यंत."

"उंबरा उंच करून द्या. आणि करार हिच्याच नावानं. मी साक्षीदार म्हणून सही करतो."

मालकीण कुरकुरली. मग माझ्याकडे बघून 'सरी', म्हणजे ठीक आहे, म्हणाली.

"ये की आत," आई म्हणाली. "पाव्हणा हायस आज. च्या घे." त्यानं बूट काढले.

'मिळून आल्या, स्वखुशीने राहत आहेत,' असं लिहून मी प्रकरण बंद केलं. बेपत्ता माणसाचं वर्णन घेताना आम्ही उंची विचारायचो, रंग विचारायचो, भाषा विचारायचो. ते माणूस कुणाशी बोलायचं, हे त्या दिवसापासून मी आधी विचारू लागले. घर शोधायला संघटनेकडे येणाऱ्यांनाही आता तेच विचारते. बेडरूम किती ते ॲप विचारेल. दार उघडल्यावर कोण दिसायला हवं, ते तुम्ही ठरवा. आणि एकट्या बाईला दार नाकारणाऱ्याला तोंडावर विचारा, का म्हणून?

मी विचारलं, पुष्कळदा. जमिनीवरचं दार मला कुणी दिलं नाही. नवव्या मजल्यावर राहते. हे लिहिताना मघाशी बेल वाजली. हातातलं पेन टाकून उठले, केस सारखे केले.

पार्सल होतं.